चालू घडामोडी तोंडपाठ, पण ग्रामसभेला कुणी नाही. अभ्यासिकेतल्या पोरांना गावच्या कारभाराकडे कसं वळवायचं?

पुस्तकवाली · 23 ऑगस्ट 2025, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच इथं लिहितेय, थोडं लांबेल.

मी मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय सांभाळते. चौदा वर्षं झाली. वाचनालयाला लागूनच चोवीस खुर्च्यांची अभ्यासिका आहे. सकाळी साडेसहाला कुलूप काढायला जाते तेव्हा दोन-तीन पोरं पायरीवर बसलेलीच असतात. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा, ज्याचं जे चाललंय ते. पाच दैनिकं येतात. आधी पोरांच्या हातात जातात, म्हातारी मंडळी दहानंतर येतात.

संध्याकाळी पेपरांच्या घड्या घालताना रोज एकच दिसतं. अग्रलेखाचं पान फडक्यासारखं मऊ झालेलं असतं. पेन्सिलीच्या रेघा, कडेला टिपणं, कधी एखादा चौकोन ब्लेडनं कापून नेलेला. आणि आपल्या जिल्ह्याचं पान एजन्सीवरून जसं आलं तसंच, घडीसुद्धा मोडलेली नसते. बोट फिरवलं तर शाई लागते हाताला, इतकं कोरं.

आता परवाचं सांगते. 15 ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा होती. आमच्या गावाला मतदार दोन हजारांच्या वर. नियमानं 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. म्हणजे आम्हाला 100. वहीत सह्या झाल्या 38. सभा तहकूब. तहकूब सभेला मग गणपूर्तीची अट राहत नाही, कितीही माणसं आली तरी चालते. ती काल शुक्रवारी अकराला झाली. ग्रामसेवक आणि शिपाई धरून आम्ही नऊ जण होतो. (ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.)

विषय वाचले गेले. त्यात एक होता वस्तीवरच्या पाण्याच्या पाइपलाइनचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेल्या निधीतून 4,80,000 रुपये खर्च, काम पूर्ण. त्या वस्तीवरच्या दोघी बायका रोज सकाळी माझ्या वाचनालयाच्या बोअरवर कळशा घेऊन येतात. मी उभी राहिले आणि विचारलं, "काम पूर्ण आहे तर नळाला पाणी का नाही?" उत्तर मिळालं, "चाचणी बाकी आहे, मॅडम." पुढचा विषय सुरू झाला.

रस्ता ओलांडून परत आले. अभ्यासिकेत एकोणीस पोरं-पोरी मान खाली घालून बसलेली. दाराजवळच्या खुर्चीवर एक अतिशय हुशार मुलगा बसतो, तो शेजारच्याला हळू आवाजात सांगत होता: 73 वी घटनादुरुस्ती, 24 एप्रिल 1993 पासून अंमल, 243 ए म्हणजे ग्रामसभा, अकरावी अनुसूची, 29 विषय. एकही आकडा चुकला नाही. मी त्याला म्हटलं, "अरे, आत्ता समोर ग्रामसभा झाली." तो म्हणाला, "आज होती का ताई? मला वाटलं ती 15 ऑगस्टलाच असते."

मला त्याचा राग आला नाही. रात्री झोप मात्र लागली नाही. ज्या मुलाला ग्रामसभेचं कलम पाठ आहे, त्याच्यापासून चाळीस पावलांवर त्याच्याच आईच्या पाण्याचा ठराव नऊ माणसांत होऊन गेला. तो त्याच वस्तीवरचा आहे.

तुमच्यापैकी कुणी तरुण पोरांना गावच्या, वॉर्डाच्या कारभारात आणि गावच्या बातम्यांत खरोखर गुंतवलंय का? काय केलंत, काय फसलं? व्याख्यान ठेवून झालं, फ्लेक्स लावून झाला. ते सांगू नका.

---

जुना_वार्ताहर · 23 ऑगस्ट, रात्री 11:15

ताई, मी 31 वर्षं तालुका वार्ताहर होतो, वेगवेगळ्या पेपरांना. त्या कोऱ्या पानाबद्दल आधी बोलू द्या, कारण ते पान माझं होतं.

आम्ही बातमी हातानं लिहायचो, पाकिटात घालायचो आणि दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो. जिल्ह्याच्या स्टँडवर पेपरचा माणूस ते पाकीट उतरवून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली की चावडीवर माणसं मोठ्यानं वाचायची, कारण बातमीत त्यांच्या विहिरीचं, त्यांच्या सोसायटीचं, त्यांच्या बाजाराचं काहीतरी असायचं. चूक झाली तर संध्याकाळपर्यंत माणूस घरी यायचा. माझं एक वाक्य चुकलं म्हणून एक शेतकरी सात किलोमीटर सायकल मारत आला होता. मी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवली. आजही तो मला रामराम घालतो.

आज त्याच जागेवर जो पोरगा काम करतो त्याला मानधन जवळजवळ नाही. जाहिराती आणायच्या, त्यावरचं कमिशन घ्यायचं, हा त्याचा पगार. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी आली की त्याची दिवाळी. मग त्याच पुढाऱ्याच्या पाइपलाइनबद्दल तो काय लिहिणार? पान उघडलं की अकरा माणसांचा फोटो, खाली "मान्यवरांच्या हस्ते". तुमच्या पोरांनी ते पान वाचायचं सोडलंय, कारण त्यात वाचायला काही उरलं नाही हे त्यांना कळतं. यात त्यांची चूक थोडी आणि आमच्या धंद्याची जास्त आहे. मनापासून सांगतो, हे लिहिताना बरं वाटत नाही.

पण तुम्ही पोरांना वाचायला सांगू नका. लिहायला सांगा. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला 'दर्पण' काढलं तेव्हा ते विशीचे होते. कृष्णराव भालेकरांनी 1877 साली 'दीनबंधु' काढलं ते सत्ताविशीत. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक'चा पहिला अंक काढला तेव्हा त्यांचं वय होतं 28. तुमच्या अभ्यासिकेत याच वयाची पोरं बसलीत.

वाचनालयाबाहेर फळा असेलच. रोज कुणीतरी गावातली एक बातमी पाच ओळींत लिहायची. काय झालं, कुठं, कधी, सांगितलं कुणी. आणि ज्याच्याविरुद्ध बातमी जाते त्याला विचारल्याशिवाय ती फळ्यावर चढवायची नाही. ही शेवटची अट सोडलीत तर तो फळा महिनाभरात भांडणाचं कारण होईल, हे माझ्या अनुभवावरून सांगतो.

---

पेठेतला_पोरगा · 24 ऑगस्ट, दुपारी 1:05

ताई, त्या एकोणीस जणांतलाच मी एक आहे असं समजा. मूळ सांगोला तालुक्यातला, वय 24, चार वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत राहून तयारी करतोय. आमची बाजू सांगतो.

माझा दिवस सकाळी टेलिग्रामवरच्या कात्रणांच्या पीडीएफनं सुरू होतो. जेवताना यूट्यूबवर चालू घडामोडी, दीडपट वेगानं. बातमी वाचताना डोक्यात एकच असतं: यावर प्रश्न येईल का? गावच्या बातमीवर प्रश्न येत नाही. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या हातात वर्षाला एकच पूर्व परीक्षा आहे आणि घरून दरमहा आठ हजार येतात, त्याची नजर अशीच तयार होते.

आम्हाला कशाचं काही पडलेलं नाही असं मात्र म्हणू नका. गेल्या वर्षी 25 ऑगस्टला राज्यसेवा पूर्व आणि बँक भरतीची आयबीपीएस परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हा आम्ही शास्त्री रस्त्यावर रात्रभर बसलो होतो. 22 तारखेला आयोगानं परीक्षा पुढे ढकलली. त्या रात्री मी पहिल्यांदा बातमी आतून पाहिली. चॅनेलचा कॅमेरा चालू झाला की पुढे कोण येतं आणि बंद झाला की कोण उरतं, तेही पाहिलं.

आता भीतीचं सांगतो, कारण ती कुणी बोलून दाखवत नाही. 2023 च्या 1 मेच्या ग्रामसभेत मी उभा राहून व्यायामशाळेच्या साहित्याचे पैसे कुठं गेले असं विचारलं. आवाज चढवला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. संध्याकाळी वडिलांना फोन आला, "पोराला आवरा, तुमचं घरकुल यादीत आहे." वडील मला रागावले नाहीत. ताटावरून उठताना फक्त म्हणाले, "बाळा, एवढं वर्ष जाऊ दे." पुढच्या वर्षी घरकुल मिळालं. आई-वडील त्याच घरात राहतात. त्यानंतर मी ग्रामसभेला गेलो नाही.

दुसरी भीती चारित्र्य पडताळणीची. एखाद्या आंदोलनात नुसतं नाव जरी गुन्ह्यात आलं तरी निवड होऊनही नोकरी अडकते. क्लासमध्ये सर हे पहिल्याच आठवड्यात सांगतात.

आणि सवय तरी कुठं लागणार होती? कॉलेजातल्या खुल्या निवडणुका 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं बंद झाल्या. 2016 च्या कायद्यात परत आल्या त्या कागदावर, मी कॉलेजात होतो तोवर काही झाल्या नाहीत. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, त्यानंतर प्रशासक आला. मी पेठेत राहायला आलो तेव्हापासून इथं नगरसेवक हा माणूस मला बघायलाच मिळालेला नाही. नळाला पाणी आलं नाही तर आम्ही घरमालकाला सांगतो. त्यापुढे कुणाला सांगतात ते मला खरंच माहीत नाही.

ताई, तुम्ही उभ्या राहिलात आणि विचारलंत. तुमच्या वस्तीवरच्या त्या मुलाला उभं करायच्या आधी त्याच्या घरचं काय काय ग्रामपंचायतीत अडकलंय ते एकदा बघा.

---

पुस्तकवाली · 24 ऑगस्ट, रात्री 10:20

वार्ताहर काका, फळ्याचं उद्यापासून सुरू करते. दुसऱ्या बाजूला विचारायची अट मी खडूनं वरच लिहून ठेवणार आहे.

पेठेतल्या दादा, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. तुमच्या वडिलांचं वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. वस्तीवरच्या मुलाची चौकशी केली. त्याच्या आजीची निराधार योजनेची कागदपत्रं चालू आहेत आणि घराच्या नोंदीचा ग्रामपंचायतीतला नमुना 8 चा उतारा नावावर व्हायचा आहे. तो का उभा राहील? मी शुक्रवारी मनातल्या मनात त्याला दोष दिला होता, तो मागे घेते.

तरीही मी हा विषय सोडू शकत नाही. त्याचं कारण सांगते.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच माणसं जमावानं मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते, तेवढ्यावर. त्या पाचांतले बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले. या समाजाची माणसं आमच्या दारावर येतात, आम्ही त्यांना पीठ घालतो.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर तीच बातमी. अभ्यासिकेत कुणी बोलत नव्हतं. दुपारी एक मुलगा माझ्या टेबलाशी आला, तेव्हा तो बारावीला होता. फोन पुढे केला. तसलाच मेसेज, एका लहान मुलाचा फोटो, खाली "सावध राहा, जास्तीत जास्त शेअर करा". चार दिवसांपूर्वी त्यानं तो तीन ग्रुपवर टाकला होता. म्हणाला, "ताई, मी चांगल्यासाठीच टाकला." त्याचे हात थरथरत होते. मी त्याला पाणी दिलं. आणखी काय बोलावं ते मला सुचलं नाही.

त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल असं भारतात केलं. पण मला लागून राहिलं ते वेगळंच. तो मुलगा पेपर रोज वाचायचा. दिल्लीची बातमी त्यानं कधी चुकीची सांगितली नसती. पण आपल्या भागातली म्हणून जी गोष्ट फोनवर आली, ती खरी की खोटी हे विचारायचं कुणाला, ही वाटच त्याला माहीत नव्हती. जिल्ह्याचं पान कोरं राहतं तेव्हा त्याची जागा असले मेसेज घेतात. माझं डोकं तिथंच अडकलंय.

---

वैनगंगा · 25 ऑगस्ट, सकाळी 7:50

ताई, मी गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीकडे शिक्षिका आहे. तुमच्याकडे अभ्यासिका आहे म्हणून मुद्दाम लिहितेय, कारण आमच्याकडे 'अभ्यासगट' हा शब्द फार जुना आहे.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव तुम्ही ऐकलं असेल. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं. 2009 साली त्या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. बाहेर लोकांना ती घोषणा माहीत असते. त्याआधी गाव वर्षानुवर्षं अभ्यासगटात बसत आलं होतं, ते फारसं कुणाला माहीत नसतं. तिथं अभ्यासगट आणि ग्रामसभा या दोन वेगळ्या बैठका. अभ्यासगटात निर्णय घ्यायचाच नाही, फक्त समजून घ्यायचं. कायदा, हिशेब, झाडं, काहीही. बाहेरचा जाणकार बोलवायचा, शंका विचारायच्या, कुणी कुणाला हरवायचं नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सगळ्यांचं पटेपर्यंत बोलून, मतं मोजून नाही.

मी माझ्या गावात तेच लहान प्रमाणावर केलं. दर रविवारी संध्याकाळी एक तास, शाळेच्या ओट्यावर. सुरुवातीला चार पोरी आणि एक पोरगा. पहिले दोन महिने फक्त ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक वाचलं. ज्या मुलीला सभेत बोलायची भीती वाटते तिला हिशेब वाचायची भीती वाटत नाही. अभ्यास करण्याबद्दल कुणी कुणाच्या बापाला फोन करत नाही. पेठेतल्या दादांच्या भीतीवर मला सापडलेली वाट हीच.

मुलींचं एक वेगळं लक्षात ठेवा. माझ्या गटात पुढे 14 मुली झाल्या, सगळ्या अठरा पूर्ण. त्यातल्या नऊ जणींचं मतदार यादीत नावच नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "लग्न होऊन जायचंच आहे, इथं कशाला नाव लावायचं?" हे त्यांना घरच्यांनीच सांगितलेलं. मी सांगितलं, आज मतदार नोंदणीचा नमुना 6 भरा, लग्न झालं की नमुना 8 भरून नाव तिकडे नेता येतं. आता वर्षातून चार तारखा आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर, त्या तारखेला अठरा पूर्ण असले की झालं. सतरा पूर्ण झालेलीलासुद्धा आधी अर्ज देऊन ठेवता येतो. नऊपैकी सात जणींची नावं लागली. दोघींच्या घरून शेवटपर्यंत कागद मिळाले नाहीत.

आणि मोठ्या ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तसा नियमच आहे. तुमच्याकडे ती खरोखर होते की वहीत होते? आमच्याकडे वहीत व्हायची.

---

स्थापत्य_मिरज · 25 ऑगस्ट, दुपारी 2:30

थोडक्यात आणि कामाचं लिहितो. ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ उघडा, अ‍ॅपही आहे. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडा, वर्ष निवडा. वित्त आयोगाच्या पैशातून कोणतं काम धरलं आणि किती खर्च टाकला ते दिसतं. लॉगिन लागत नाही, त्यामुळे कुणी बघितलं हे गावात कुणाला कळत नाही.

त्यापुढचं माहितीच्या अधिकारात मागा. जोडपत्र 'अ', 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. "पाइपलाइनबद्दल सर्व माहिती" असं लिहू नका, कागदाचं नाव लिहा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची त्या कामाची पानं, पूर्णत्वाचा दाखला. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. कागद हातात आले की इथं टाका, वाचून दाखवतो.

---

पुस्तकवाली · 31 ऑगस्ट, रात्री 9:10

आठवडाभरात जे घडलं ते सांगते.

फळा सोमवारी सुरू केला. पहिली बातमी एका मुलीनं लिहिली: शाळेसमोरचे दोन दिवे 11 दिवसांपासून बंद. "सांगितलं कुणी" या ओळीत तिनं स्वतःचं नाव लिहिलं, कारण ती रोज मोजत होती. दुसरी बाजू विचारायला ती आणि तिची मैत्रीण ग्रामपंचायतीत गेल्या. शिपाई म्हणाला, दिवे आलेत, चढायला माणूस नाही. तेही त्यांनी लिहिलं. बुधवारी गणपती बसले त्या दिवशी दिवे लागले. फळ्यामुळे लागले की गणपतीमुळे, याच्यावर अभ्यासिकेत बराच वाद झाला. शेवटी त्या मुलीनं "दिवे लागले" एवढंच लिहिलं, कारण नाही लिहिलं. मला तिचा फार अभिमान वाटला.

वैनगंगाताई, महिलांची सभा आमच्याकडेही वहीतच होते. त्या वहीत माझीच सही आहे, अंगणवाडीच्या दारात दोन मिनिटं उभी राहून केलेली. 2 ऑक्टोबरच्या आधीची सभा बसून व्हायला हवी असं लेखी पत्र मी ग्रामपंचायतीला दिलंय, पोच घेतली.

आज रविवारी पहिला अभ्यासगट बसला. सात जण. वस्तीवरचा तो मुलगा आला. मी त्याला बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला. ई-ग्रामस्वराज त्यानंच उघडलं. आमच्या गावाचं पान लागलं, वर्ष निवडलं, यादी खाली सरकत गेली आणि एका ओळीवर तो थांबला. वस्तीचं नाव, पाइपलाइन, 4,80,000, काम पूर्ण. त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, हे परीक्षेला बंधित निधी म्हणून आम्ही पाठ करतो. 60 टक्के, पाणी आणि स्वच्छता."

माहितीच्या अधिकाराचा अर्ज पोरांनी लिहिला, शब्द मोजून. दीडशेच्या आत बसवायला तीन वेळा खोडला. खाली सही माझी आहे. माझं घरकुल नाही, कुठला दाखला अडकलेला नाही आणि वाचनालयाचं अनुदान ग्रामपंचायतीकडून येत नाही. फोन आला तर मला येईल. पोरांनी अभ्यास करायचा आणि नाव माझं द्यायचं, असं आम्ही ठरवलंय. ज्या दिवशी त्यांना स्वतःचं नाव द्यावंसं वाटेल त्या दिवशी देतील.

काम ज्यानं केलं त्याच्याकडून अंदाजपत्रकाची एक प्रत मला आधीच बघायला मिळाली. त्यात "एचडीपीई पाइप, 90 मिमी, 6 किलो, 620 मीटर" असं लिहिलंय. वस्तीवर ओढ्याच्या कडेला पावसानं माती वाहून गेलीय आणि हातभर पाइप उघडा पडलाय. मुलगा म्हणतो त्यावर काहीतरी छापलेलं आहे, चिखलामुळे वाचता येत नाही. पुढच्या रविवारी बादली आणि फडकं घेऊन सगळे जाणार आहोत. स्थापत्यदादा, त्या छापलेल्या अक्षरांत नेमकं काय बघायचं?

---

स्थापत्य_मिरज · 31 ऑगस्ट, रात्री 10:45

पाइप काळा आणि त्यावर निळ्या रेघा आहेत का ते आधी बघा. पिण्याच्या पाण्याच्या पाइपला तशा असतात. मग अक्षरं. "आयएस 4984" असं हवं, ते पाणीपुरवठ्याच्या एचडीपीईचं मानक. त्याच्या आसपास बाहेरचा व्यास असतो, तुमच्या कागदाप्रमाणे 90 हवा. "पीएन" च्या पुढचा आकडा म्हणजे पाइप किती दाब सहन करतो तो. कागदावर 6 किलो आहे, म्हणजे पीएन 6 हवा. कंपनीचं नाव आणि कधी तयार झाला तेही असतं. काम कोणत्या वर्षाचं दाखवलंय त्याच्याशी ते ताडून बघा.

हे छापील अक्षर ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येतं, त्यामुळे एका जागी पुसट असेल तर थोडं पुढे धुवा. माती उकरू नका, जेवढं उघडं आहे तेवढंच. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा. आणि 620 मीटर चालत मोजायचं असेल तर दोरीला दर दहा मीटरवर गाठ मारून न्या, दोघांनी धरायची. ओढ्याला पाणी असेल तर त्या दिवशी जाऊ नका, पाइप कुठं पळून जात नाही.

---

पेठेतला_पोरगा · 1 सप्टेंबर, सकाळी 6:55

ताई, गणपतीला गावी आलोय, 7 तारखेपर्यंत इथंच आहे. सांगोल्याहून तुमचं गाव मोटरसायकलवर तासाभराचं. रविवारी किती वाजता निघणार आहात? दोरी मी आणतो.